टर्बोरेपो 2: मायक्रोसर्व्हिसेससाठी कितपत कामाचं?

ऑर्डर्स सर्व्हिसमधली एक ओळ बदलली म्हणून बाकीच्या अकरा सर्व्हिसेस पुन्हा बिल्ड का करायच्या? सगळ्या सर्व्हिसेस एकाच रेपोत, म्हणजे कोडच्या एकाच भांडारात, आणल्या की हा प्रश्न पहिल्याच आठवड्यात उभा राहतो, आणि टर्बोरेपो या जावास्क्रिप्ट-टाइपस्क्रिप्टच्या बिल्ड टूलचं काम तिथेच सुरू होतं. पॅकेज.जेसन (पॅकेजची माहिती आणि डिपेंडन्सीज) आणि लॉकफाइल (लायब्ररींच्या नेमक्या आवृत्त्यांची यादी) वाचून ते कोण कोणावर अवलंबून आहे हे ओळखतं, प्रत्येक टास्कचा हॅश, म्हणजे त्याच्या इनपुट्सचा ठसा, काढतं आणि हॅश जुळला की जुनं आउटपुट कॅशमधून परत ठेवतं. 2024 मध्ये आलेल्या 2.0 आवृत्तीत टर्बो.जेसन या कॉन्फिग फाइलमधल्या ‘पाइपलाइन’चं ‘टास्क्स’ झालं, त्यामुळे जुनी कॉन्फिग जशीच्या तशी चिकटवून चालत नाही.

सगळ्यात उपयोगी पडते ती ‘टर्बो प्रून ऑर्डर्स --डॉकर’ ही रेपो एका सर्व्हिसपुरता छाटणारी कमांड. एकाच रेपोत लॉकफाइल सामायिक असते. पेमेंट्समध्ये कोणी नवी लायब्ररी टाकली की ती फाइल बदलते आणि सगळ्याच डॉकर इमेजेसचा (सर्व्हिस चालवण्याच्या तयार संचांचा) इन्स्टॉलचा लेयर, म्हणजे थर, नव्याने बनतो. प्रून केल्यावर ‘आउट’ फोल्डरमध्ये फक्त ऑर्डर्सपुरती छाटलेली लॉकफाइल मिळते. ‘आउट/जेसन’मध्ये नुसत्या पॅकेज.जेसन फाइल्स असतात, ‘आउट/फुल’मध्ये लागणारा सोर्स. डॉकरफाइलमध्ये क्रम पाळायचा: आधी ‘जेसन’ कॉपी, मग इन्स्टॉल, मग ‘फुल’ कॉपी, शेवटी बिल्ड. रेपोच्या मुळाशी ठेवलेली टीएसकॉन्फिग (टाइपस्क्रिप्टच्या सेटिंग्जची फाइल) मात्र यात आपोआप येईलच असं धरू नका, नाहीतर लॅपटॉपवर चालणारा बिल्ड डॉकरमध्ये पडतो. सामायिक टीएसकॉन्फिग वेगळ्या पॅकेजमध्ये ठेवून ते पॅकेज डिपेंडन्सी म्हणून लिहिलं की कटकट संपते.

आता कॅशबद्दल, कारण खरं नुकसान इथे होतं. टास्कचे ‘आउटपुट्स’ लिहायचे राहिले तर टर्बो कॅश हिट दाखवतं, लॉगही छापतं, पण ‘डिस्ट’ फोल्डर परत येत नाही. हे निदान लगेच कळतं. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलची, म्हणजे कोडबाहेरून दिलेल्या सेटिंगची, चूक कळत नाही. 2.0 पासून डीफॉल्ट मोड स्ट्रिक्ट आहे, म्हणजे न सांगितलेलं व्हेरिएबल टास्कला दिसतच नाही. बिल्ड पडला की घाईत ते ‘पासथ्रूएन्व्ह’मध्ये टाकलं जातं. तिथलं व्हेरिएबल टास्कला मिळतं, पण हॅशमध्ये धरलं जात नाही. ते जर एपीआयचा पत्ता असेल आणि बिल्डच्या वेळी बंडलमध्ये भाजलं जात असेल, तर स्टेजिंगचा (चाचणीच्या सर्व्हरचा) बंडल कॅशमधून उचलून थेट प्रॉडक्शनला जाऊ शकतो. आउटपुट बदलवणारं प्रत्येक व्हेरिएबल ‘एन्व्ह’मध्येच हवं. गिटइग्नोर केलेली डॉट-एन्व्ह फाइलही हॅशमध्ये आपोआप येत नाही, ती ‘इनपुट्स’मध्ये लिहावी लागते. शंका आली तर ‘--समराइझ’ लावून दोन रन करा आणि ‘.टर्बो/रन्स’मधल्या फाइल्सची तुलना करा. हॅश कशामुळे बदलला, किंवा बदलायला हवा असून का बदलला नाही, ते त्यात सापडतं.

सीआयवर (आपोआप बिल्ड आणि चाचणी करणाऱ्या सर्व्हरवर) फक्त बदललेल्याच पॅकेजेसपुरतं काम करणारं ‘--अफेक्टेड’ लावूनही सगळंच बिल्ड होत असेल तर आधी क्लोन तपासा. शॅलो क्लोनमध्ये, म्हणजे गिटचा थोडाच इतिहास आणलेल्या प्रतीत, मुख्य ब्रँचशी तुलना करायला इतिहासच नसतो, त्यामुळे टर्बो सगळी पॅकेजेस बदलली असं धरतं. फेच डेप्थ वाढवली की काम होतं. लोकलला बाराच्या बारा सर्व्हिसेसचे डेव्ह टास्क एकदम चालवायचे तर डीफॉल्ट कॉन्करन्सी (एका वेळी चालणाऱ्या टास्कची मर्यादा) 10 आडवी येते आणि टर्बो सुरूच होत नाही. ‘--कॉन्करन्सी’ किमान 13 द्यायची, म्हणजे कायम चालणाऱ्या टास्कपेक्षा एक जास्त.

‘कॉमन’ नावाचं एकच भलंमोठं पॅकेज केलंत तर मात्र हे टूल हतबल आहे. त्यातली एक फाइल हलली की सगळ्या सर्व्हिसेस ‘अफेक्टेड’, आणि तेही बरोबरच. लॉगिंग, ऑथ, इव्हेंट्सचे टाइप्स अशी लहान पॅकेजेस पाडली तरच फरक दिसतो. टाइपस्क्रिप्टच्या सर्व्हिसेससाठी टर्बोरेपो बिनधास्त घ्या. गो किंवा पायथनच्या सर्व्हिसला पॅकेज.जेसन चिकटवून टास्क चालवता येतात, पण त्या भाषेतल्या इम्पोर्ट्स टर्बोला कळत नाहीत. अर्ध्या सर्व्हिसेस तशा असतील तर बेझल या अनेक भाषांना चालणाऱ्या बिल्ड टूलकडे वळा. त्याची बिल्ड फाइल्सची मेहनत मोठी आहे, तरी तिथे तीच रास्त.