परसातला खडी-पाइपचा चर: अख्खा पावसाळा वापरल्यानंतर

तळघरात पाणी येऊ नये म्हणून परसात चर खणून त्यात छिद्रांचा पाइप टाकला आणि खडी भरली. आधी निकाल. जोराची सर आली की तासाभरात तळघराच्या भिंतीतून पाणी झिरपायचं, ते थांबलं. चार दिवस झड लागली की फरशीच्या सांध्यांतून वर येणारी ओल मात्र तशीच आहे, आणि त्यात चराचा दोष नाही. पाऊस सुरू होताच येणारं पाणी वरचं असतं. एक-दोन दिवसांनी येऊन उघडीप झाली तरी टिकणारं पाणी भूजल. अर्धा-पाऊण मीटर खोल चर भूजलाला अडवत नाही. त्यासाठी तळघरातच खड्डा करून पंप बसवावा लागतो.

चराची मापं: लांबी १२ मीटर, रुंदी ३० सेंमी, खोली वरच्या टोकाला ५० आणि खालच्या टोकाला ६२ सेंमी. म्हणजे मीटरला एक सेंमी उतार. आत १०० मिमीचा छिद्रांचा कडक पीव्हीसी पाइप आणि २० ते ४० मिमीची धुतलेली खडी, दीड घनमीटरच्या थोडी वर. चर भिंतीपासून दीड मीटर दूर ठेवला आहे. पायाला लागून त्याच्या तळाखाली खणलं, तर पायाखालची माती सुटते.

छिद्रं खालच्या बाजूला ठेवायची, यावर गवंड्यांशी हमखास वाद होतो. पाणी खडीत तळापासून चढतं. छिद्रं वर असली तर पाइप चालू व्हायला पातळी तेवढी वर यावी लागते. गुंडाळीचा नालीदार पाइप स्वस्त आणि वळवायला सोपा, पण मध्येच झोळ पडतो, तिथे गाळ बसतो आणि साफ करायची सळई अडकते. कडक पाइपच घ्यावा. न विणलेलं जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं) कापड पाइपला गुंडाळण्यापेक्षा चराला अस्तरासारखं लावून खडीवर दुमडलं की बराच जास्त काळ टिकतं. पाइपवरचं कापड बारीक चिकणमातीने लवकर बुजतं. खडी न धुता टाकली तर तिची भुकटी आतूनच तेच काम करते.

खरं सांगायचं तर अर्ध्याहून जास्त फरक चराने नाही, छपराचं पाणी दूर नेल्याने पडला. १०० चौरस मीटर छपरावर १० मिमी पाऊस म्हणजे १,००० लिटर, आणि तेवढं सगळं पायाशी ओतलं जात होतं. पन्हळीचं पाणी वेगळ्या बंद पाइपने थेट बाहेर न्यावं. ते छिद्रांच्या पाइपला जोडलं की पाला आत जातोच, शिवाय छपराचं पाणी छिद्रांतून जमिनीत मुरवलं जातं. भिंतीपासून पहिल्या तीन मीटरमध्ये जमिनीला १५ सेंमी उतारही हवा. ही दोन कामं करून एक मोठा पाऊस बघावा. कित्येकदा चर खणायची वेळच येत नाही.

भरावाची माती पहिल्याच पावसाळ्यात ५ ते ८ सेंमी दबली आणि एका जागी उतार उलटा, भिंतीकडे झाला. थर देत धुमस मारला तरी थोडं दबणारच, म्हणून भर टाकायला माती राखून ठेवावी. वरच्या टोकाला झाकणाची उभी नळी काढली आहे. त्यातून पावसाळ्याआधी आणि नंतर नळीने जोरात पाणी सोडायचं. खालच्या तोंडाशी ते गढूळ आलं तर स्वच्छ येईपर्यंत चालू ठेवायचं. आलंच नाही, तर आधी तोंडाची उंदीरजाळी बघावी, बहुतेक पाला तिथेच साठलेला असतो.