टोकियो की ओसाका : गे प्रवाशाने मुक्काम कुठे टाकावा?

सुट्टी आठ-नऊ दिवसांची, पैसे जेमतेम, आणि जपानला गेल्यावर एकदा तरी आपल्या माणसांत बसायचंय. अशा वेळी पहिला प्रश्न पडतो तो शहराचा. दोन्ही शहरं पाहिलेला माणूस म्हणून मी आधी उलट विचारतो: तुला गर्दीत हरवायचंय, की कुणीतरी आपणहून तुझ्याशी बोलावं असं वाटतंय? हरवायचं असेल तर टोकियो, बोलायचं असेल तर ओसाका.

भीती आधी बाजूला ठेवू, कारण त्या बाबतीत दोन्ही शहरांत फारसा फरक नाही. आपल्याकडे 377 कलम 1860च्या दशकापासून 2018 पर्यंत डोक्यावर होतं. जपानात असा कायदा 1870च्या दशकात काही वर्षंच टिकला. समलिंगी विवाहाला देशभरात मान्यता नाही. ओसाका शहराने 2018 मध्ये आणि टोकियो महानगराने नोव्हेंबर 2022 मध्ये जोडीदार-नोंदणी सुरू केली, पण तिचा पर्यटकाला काही उपयोग नाही. रस्त्यात कुणी अंगावर येण्याची शक्यता फारच कमी. हातात हात घालून चाललात तर लोक बघून न बघितल्यासारखं करतील. चारचौघांत लगट तिथली नवराबायकोची जोडपीही फारशी करत नाहीत.

आता टोकियो. शिंजुकु भागातली गे वस्ती नि-चोमे म्हणजे आडव्याउभ्या गल्ल्यांचा एक छोटा चौकोन. शिंजुकु-सानचोमे स्टेशनातून वर आलं की पाच मिनिटांत तिथे पोचता. या चिमुकल्या जागेत शेकड्याने बार आहेत. 1958 मध्ये वेश्याव्यवसायबंदीचा कायदा पूर्ण लागू झाला, तोवर ही वेश्यावस्ती होती. रिकाम्या झालेल्या छोट्या खोल्यांत हळूहळू गे बार आले. म्हणून आजही बहुतेक बार म्हणजे एक काउंटर, आठ-दहा खुर्च्या आणि पलीकडे मालक, ज्याला सगळे ‘मामा’ किंवा ‘मास्टर’ म्हणतात. इथला ‘मामा’ म्हणजे आई बरं का, आपला आईचा भाऊ नव्हे. आणि बहुतेकदा तो पुरुषच असतो.

नवखा माणूस चुकतो तो इथेच. चौथ्या मजल्यावरचं बंद दार बिनधास्त ढकलतो आणि आत अचानक शांतता पसरते. प्रत्येक बारचं गिऱ्हाईक ठरलेलं: कुठे धिप्पाड, कुठे सडपातळ, कुठे पन्नाशीपुढचे. काही ठिकाणी दारावरच ‘फक्त सभासद’ अशी पाटी असते. त्यात परदेशी माणसाचा राग असतोच असं नाही. मालकाला इंग्रजी येत नाही आणि रोजची गिऱ्हाइकं गप्पांसाठी येतात, असा साधा हिशेब असतो. म्हणून पहिली रात्र तळमजल्यावरच्या, रस्त्यावर उघडणाऱ्या बारमध्ये काढा. इंद्रधनुषी ‘तोरी’, म्हणजे जपानी देवळासमोर असते तशी कमान, असलेल्या ‘आइरो कॅफे’त पर्यटक रोजचेच. नाचायचं असेल तर एक जिना चढून ‘आर्टी फार्टी’, तिथेही तेच. तिथे भेटलेला जपानी माणूस तुम्हाला वरच्या मजल्यावर घेऊन गेला, की तेच बंद दार हसत उघडतं.

ओसाकाची गे बारची वस्ती म्हणजे दोयामा-चो, उमेदा या मध्यवर्ती भागाजवळ. हिगाशी-उमेदा स्टेशनवरून चालत पोचता येतं. पसारा नि-चोमेपेक्षा लहान, बारही कमी. पण ओसाकाची माणसं! टोकियोत शेजारचा माणूस अर्धा तास ग्लासाकडे बघत बसेल. ओसाकात तो पाच मिनिटांत विचारेल, कुठून आलास, लग्न झालंय का, आणि तुझ्या उत्तरावर स्वतःच खो-खो हसेल. या शहराला व्यापाऱ्यांची आणि विनोदाची जुनी परंपरा आहे, ती गे बारच्या काउंटरवरही दिसते. मोडक्यातोडक्या इंग्रजीत, फोनवरच्या भाषांतरात, कराओकेत, जसं जमेल तसं बोलणं चालू राहतं. एकट्याने फिरणाऱ्या बुजऱ्या माणसाला मी डोळे मिटून ओसाका सांगतो. तिथलं पर्यटन खातंही गे प्रवाशांना उघडपणे बोलावतं. आंतरराष्ट्रीय एलजीबीटी पर्यटन संघटनेची, म्हणजे आयजीएलटीएची, आशियातली पहिली परिषद ऑक्टोबर 2024 मध्ये ओसाकातच भरली होती.

वाचणारी मैत्रीण असेल तर मात्र माझं उत्तर बदलतं. तिने टोकियो निवडावं. लेस्बियन बायकांच्या जागा नि-चोमेत जास्त आहेत, ‘गोल्डफिंगर’ त्यांपैकी सर्वांत माहितीतली. दोयामा मुख्यतः पुरुषांचंच.

खिशाच्या बाबतीत दोन्हीकडे एकच नियम. छोट्या बारमध्ये बसलात की बसण्याचे पैसे लागतात आणि न मागता चकणा समोर येतो. टोकियोत त्याला ओतोशी म्हणतात, ओसाकाकडे त्सुकिदाशी. तो परत पाठवायची पद्धत नाही. शाकाहारी असाल तर त्यात मासळी असणार हे गृहीत धरा, न खाता बाजूला ठेवा, पैसे मुकाट द्या. पर्यटकांच्या मोठ्या बारमध्ये बहुतेकदा नुसते पेयाचेच पैसे पडतात. फोटो मात्र कुठेच विचारल्याशिवाय काढू नका. शेजारी बसलेल्याच्या घरी आणि ऑफिसात बहुधा काहीच माहीत नसतं. टोपणनावाने बोलावं लागतं म्हणजे काय, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

जोडीने जात असाल तर खोलीचा प्रश्न येतो. बुकिंगमध्ये माणसं दोनच लिहा, एक नव्हे. ‘सेमी-डबल’ म्हणजे जेमतेम दीड माणसाची गादी, तिच्या वाटेला जाऊ नका. मोठ्या साखळी हॉटेलांत दोन पुरुषांनी डबल बेड मागितला तर काउंटरवरचा माणूस पापणीही हलवत नाही. लैंगिक कलावरून पाहुण्याला नाकारू नये, असं 2018 च्या सरकारी मार्गदर्शक सूचनांतच आहे. तरी काही लव्ह हॉटेलं, म्हणजे जोडप्यांना तासांवर खोली देणारी हॉटेलं, दोन पुरुषांना दारातूनच परत पाठवतात. इथे ओसाका थोडं पुढे: उमेदाला राहिलात तर बारमधून चालत खोलीवर येता येतं. टोकियोत शिंजुकुबाहेर स्वस्त खोली घेतली, की साडेबाराच्या आसपास शेवटची गाडी सुटते आणि पुढे पाचपर्यंत टॅक्सी किंवा जागरण. रात्री दहानंतर टॅक्सीचं भाडं वाढतं, हेही लक्षात ठेवा. आणि नि-चोमेहून परतताना शेजारच्या काबुकिचोत कुणी गोड बोलून ‘चला, स्वस्त बार दाखवतो’ म्हणालं तर पाय उचला.

एक गोष्ट मराठी माणसासाठी वेगळी. टोकियोच्या निशी-कासाईत भारतीयांची मोठी वस्ती आहे, किराण्यापासून इडलीपर्यंत सगळं मिळतं. घरच्या जेवणाची सोय चांगली, पण ओळखीचं कुणी भेटू नये असं वाटत असेल तर मुक्काम तिथे नको. शिंजुकुत कुणी कुणाला ओळखत नाही.

बॅग भरताना पॉपर्स, म्हणजे नशेसाठी हुंगायच्या त्या छोट्या बाटल्या, अजिबात घेऊ नका. जपानात ते नुसते बाळगणंही गुन्हा आहे. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्या, एचआयव्ही टाळण्यासाठीची प्रेपसुद्धा, एका महिन्यापुरत्या चालतात. चिठ्ठी सोबत असू द्या. सर्दीच्या काही औषधांतलं स्यूडोएफेड्रीन अडचणीत आणू शकतं, म्हणून पाकीट वाचून घ्या.

आठ दिवस हातात असतील तर मी दोन्ही करीन: टोकियोला उतरायचं, नोझोमी या बुलेट ट्रेनने अडीच तासांत ओसाका, आणि जमलं तर परतीचं विमान ओसाकाच्या कानसाई विमानतळावरून. फक्त वार नीट लावा. नि-चोमेत मंगळवारीही माणसं असतात. दोयामा खरं जागं होतं ते शुक्रवारी-शनिवारी, म्हणून ते दोन दिवस ओसाकासाठी राखून ठेवा.