एस-क्लास घ्यायची, पण कुठल्या पिढीची?

माझ्या मावशीचे यजमान वाशीच्या फळबाजारात गाळा चालवतात. पहाटे चारला माजिवड्याहून निघायचं, ऐरोलीमार्गे मार्केट गाठायचं, दुपारी जेवायला घरी. गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला. "अरे, मर्सिडीजची एस-क्लास म्हणे आता क्रेटाच्या भावात मिळते. खरंय का? खरं असेल तर मला घ्यायचीय. साठी झाली, आता नाही तर कधी?"

खरं आहे. बारा-पंधरा वर्षं जुनी एस-क्लास नव्या क्रेटाच्या भावात, कधी त्याहून कमीत मिळते. तरी मी काकांना लगेच "घ्या" म्हटलं नाही. हाच प्रश्न ठाण्यात आणि नवी मुंबईत मला आजवर बऱ्याच जणांनी विचारलाय, म्हणून काकांना दोन रविवार बसून जे समजावलं ते इथे मांडतो.

आधी मुद्द्याचं. गाडीचा भाव दरवर्षी उतरतो, तिच्या पार्ट्सचा उतरत नाही. दहा लाखांत घेतलेल्या एस-क्लासला एअर सस्पेन्शनचा, म्हणजे स्प्रिंगऐवजी हवेवर गाडी तोलणाऱ्या यंत्रणेचा, एक स्ट्रट (चाकावरचा खांब) लागला, तर तो कोट्यवधीच्या गाडीचाच स्ट्रट असतो आणि बिलही त्याच हिशेबाने येतं. त्यामुळे कुठली पिढी परवडते हे विकत घेतानाच्या आकड्यावरून ठरवू नका. पुढच्या पाच वर्षांत तिच्यावर किती खर्च करायची तयारी आहे, त्यावरून ठरवा.

या गाडीचा दबदबा कुठून आला, तेही थोडक्यात सांगतो. एस-क्लास हे नाव अधिकृतपणे लागलं १९७२ मध्ये, डब्ल्यू ११६ या पिढीला (डब्ल्यू आणि आकडा म्हणजे कंपनीने त्या पिढीला दिलेला क्रमांक). १९७८ मध्ये याच गाडीत इलेक्ट्रॉनिक एबीएस आलं, म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा. आपल्याकडे सगळ्या नव्या कारना एबीएस सक्तीचं झालं एप्रिल २०१९ मध्ये, म्हणजे चाळीस वर्षांनी. पुढची डब्ल्यू १२६ आली १९७९ मध्ये. ड्रायव्हरची एअरबॅग आणि धडकेत आपोआप आवळले जाणारे सीटबेल्ट तिच्यात आले. १९९१ ची डब्ल्यू १४० म्हणजे चालता वाडाच: दुहेरी काचा, बारा सिलिंडरचं इंजिन, अलगद ओढून बंद होणारी दारं. काकांच्या डोक्यात बसलेली एस-क्लास हीच, काळी, कधीतरी नरिमन पॉइंटला पाहिलेली. पण ती आता संग्राहकांची गाडी आहे. १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धातल्या गाड्यांमध्ये इंजिनाच्या वायरिंगचं आवरण काळाबरोबर ठिसूळ होऊन गळून पडतं, हा तिचा जगभर माहीत असलेला दोष. रोज पहाटे मार्केटला जाणाऱ्या माणसाने तिचा विचार करू नये.

म्हणजे खरी निवड चार पिढ्यांत: डब्ल्यू २२०, २२१, २२२ आणि २२३.

डब्ल्यू २२० (१९९८ ते २००५) दिसायला आजही देखणी आहे. सडपातळ, आधीच्या १४० पेक्षा बरीच हलकी, हवा कापणारी. एअर सस्पेन्शन, अंतर राखणारा रडार क्रूझ कंट्रोल आणि खिशात चावी ठेवून गाडी सुरू करायची सोय तिने आणली. पण तिचा पत्रा गंजतो, आणि हे जगभरचे मालक सांगतात. चाकांच्या कमानी, दारांच्या खालच्या कडा, डिकीचं झाकण ही गंजाची नेहमीची ठिकाणं. त्यात वाशी, ऐरोली, बेलापूर म्हणजे खाडीकाठ. खारी हवा बारा महिने, वर चार महिने पाऊस. शिवाय या सगळ्या गाड्यांची १५ वर्षांची नोंदणी कधीच संपलेली आहे, म्हणजे आरटीओत फिटनेस, पुनर्नोंदणी, पर्यावरण कर, आणि दर ५ वर्षांनी पुन्हा तेच. काकांना मी स्पष्ट सांगितलं, हिच्याकडे बघायचंही नाही.

मोह होतो तो डब्ल्यू २२१ चा (२००५ ते २०१३). बाजारात 'क्रेटाच्या भावात' म्हणतात ती हीच. फुगीर चाकांच्या कमानी, रुंद खांदे, ऐटबाज गाडी. लांब व्हीलबेसच्या आवृत्तीत दोन चाकांमधलं अंतर ३,१६५ मिलिमीटर. तिच्यानंतरच्या २२२ चंही नेमकं तेवढंच. मावशीला दोन्ही गाड्यांत मागे बसवून पाहिलं. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, पाय सरळ पसरता यायला हवेत. दोन्हींत पसरता आले. "मला तर काहीच फरक वाटत नाही," म्हणाली. म्हणजे केवळ मागच्या जागेसाठी गाडी घेत असाल, तर २२१ आणि २२२ मध्ये जास्तीचे पैसे जागेचे नाहीत.

ते जातात इंजिनाला आणि वयाला. २२१ मध्ये आपल्याकडे जास्त दिसतात ती दोन इंजिनं, पेट्रोल व्ही-६ आणि तीन लिटरचं डिझेल व्ही-६. पेट्रोलचं (एम २७२) २००७ च्या आसपासपर्यंतचं उत्पादन असेल तर बॅलन्स शाफ्टचं (इंजिनाची थरथर कमी करणाऱ्या दांड्याचं) दातेरी चक्र झिजतं. चक्र छोटंसं, पण तिथवर पोचायला इंजिन उतरवावं लागतं. म्हणून सौदा करायच्या आधी इंजिन नंबर घ्या आणि जाणकाराकडून तपासून घ्या. डिझेल (ओएम ६४२) मुळात दणकट आहे, मात्र त्याचा ऑइल कूलर बसवलाय सिलिंडरच्या दोन रांगांमधल्या खोबणीत, वरच्या सगळ्या पसाऱ्याखाली. त्याची सीलं वयाने कडक होतात आणि तेल झिरपायला लागतं. सीलं स्वस्त असतात, मजुरी महाग पडते, कारण अर्धं इंजिन उघडावं लागतं. विकणाऱ्याने "हे काम करून घेतलंय" म्हटलं तर बिल दाखवायला सांगा. बिल असेल तर ती गाडी बाकी २२१ पेक्षा निश्चित वरची.

आणखी दोन गोष्टी २२१ ला लागू. २०११ ची गाडी घेतलीत तर २०२६ मध्येच पुनर्नोंदणी दारात उभी. आणि पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. गाडी त्या काळात बनली तेव्हा हा विचार नव्हता. पेट्रोल गाडी घेताना टाकीच्या झाकणामागचं स्टिकर वाचा, किती टक्क्यांपर्यंत चालतं ते बघा, आणि इंधनाच्या रबरी नळ्या तपासून घ्या.

डब्ल्यू २२२ (२०१३ ते २०२०) ही माझ्या मते या चौघींतली सर्वांत समतोल गाडी. बाहेर-आत एकही साधा बल्ब नाही, सगळे एलईडी. आतली शांतता वेगळ्या पातळीची. काकांना फरक जाणवला तो इथे. पाम बीच रस्त्यावर सकाळी सहाला, वाशीहून बेलापूरकडे, त्यांनी खिडकी वर केली आणि बाजूने जाणाऱ्या बसचा आवाज कापल्यासारखा थांबला. काही वेळ ते काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "मार्केटातला गोंगाट असा बंद करता आला असता तर."

पण २२२ म्हणजे सरसकट एक गाडी समजू नका. सुरुवातीच्या एस ३५० डिझेलमध्ये वर सांगितलेलं तेच ओएम ६४२ इंजिन आहे. २०१७ मध्ये फेरबदल झाला आणि आपल्याकडे २०१८ मध्ये चाकणला जुळवलेली नवी एस ३५० डी आली. तिच्यात सरळ सहा सिलिंडरचं ओएम ६५६ इंजिन, २८६ अश्वशक्ती, ६०० न्यूटन मीटर टॉर्क, आणि बीएस-६ सक्तीचं व्हायच्या दोन वर्षं आधीच बीएस-६. मऊपणात या इंजिनाला तोड नाही. २२२ घ्यायची तर २०१८ नंतरचीच घ्या, त्यासाठी सहा महिने थांबावं लागलं तरी चालेल. ऑनलाइन जाहिरातींत दोन्ही 'एस ३५० डी' म्हणूनच लागलेल्या असतात. आरसीवरचं उत्पादनाचं वर्ष आणि बीएसची नोंद बघा.

डिझेलबद्दल एक इशारा आहे. नव्या डिझेलला अ‍ॅडब्लू (धूर स्वच्छ करणारं द्रव) भरावं लागतं आणि धूर गाळणारा डीपीएफ असतो. तो अधूनमधून लांब पल्ल्यावर, एका वेगात चालली तरच नीट स्वच्छ होतो. तुमचं रोजचं चालवणं कापूरबावडी ते तीन हात नाका एवढंच असेल, तर डिझेल घेऊ नका. पेट्रोल एस ४५० बघा. काकांचा पहाटेचा रस्ता मोकळा असतो आणि महिन्यातून दोनदा जुन्नरला जाणं होतं, त्यामुळे त्यांना डिझेल चालेल.

डब्ल्यू २२३ ही सध्याची गाडी. सप्टेंबर २०२० मध्ये जगासमोर आली, भारतात २०२१ च्या जूनमध्ये आयात होऊन, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात चाकणला जुळवलेली, तेव्हा १.५७ कोटींपासून पुढे. मध्यभागी मोठा उभा पडदा, दारात लपणारी हँडल, मागच्या प्रवाशांसाठी समोरून उघडणारी एअरबॅग. मागची चाकंही वळतात, आणि जिथे ही सोय दहा अंशांपर्यंत आहे तिथे सव्वापाच मीटरची गाडी गल्लीत लहान गाडीसारखी फिरते. नौपाड्यात राहत असाल तर या एका गोष्टीसाठी तिच्यावर जीव जडेल. पण बटणं जवळजवळ सगळी पडद्यात गेलीत. एसी कमी करायलाही पडद्यावर बोट लावावं लागतं आणि काकांना ते अजिबात आवडलं नाही. चष्मा शोधावा लागतो म्हणाले. ज्यांच्याकडे ड्रायव्हर आहे आणि गाडी वॉरंटीत हवी आहे, त्यांनी खुशाल २२३ घ्यावी. स्टिअरिंग स्वतःच्या हातात राहणार असेल तर मला २२२ जास्त पटते.

आता आपल्या भागापुरतं.

पार्किंग आधी मोजा. घोडबंदरच्या नव्या टॉवरांत बऱ्याच ठिकाणी गाड्या एकावर एक लावायचं लोखंडी स्टॅक पार्किंग असतं, त्याला लांबीची आणि वजनाची मर्यादा असते. लांब २२२ ची लांबी साधारण ५,२५० मिलिमीटर, २२३ ची ५,२८९, आणि वजन दोन टनांच्या आसपास. सोसायटीच्या ऑफिसात त्या यंत्राचा फलक बघा. एका ओळखीच्यांनी टोकन देऊन झाल्यावर मोजलं, आणि गाडी वर्षभर रस्त्यावर लावली.

एअर सस्पेन्शन तपासायची वेळ सकाळची. विकणाऱ्याला सांगा, गाडी रात्रभर एकाच जागी बंद राहू दे, मी येईपर्यंत सुरू करायची नाही. गेल्यावर चारही चाकांवर टायर आणि मडगार्डच्या मध्ये बोटं घालून बघा. एका कोपऱ्यात चार बोटं जातात आणि दुसऱ्यात दोनच, तर हवा कुठेतरी सुटतेय. मग सुरू करून गाडी उंच करायचं बटण दाबा. साधारण तीन सेंटीमीटर वर यायला हवी, सरळ, न रेंगाळता. गायमुखच्या खड्ड्यांत आणि सोसायटीच्या उंच स्पीडब्रेकरवर हेच तीन सेंटीमीटर इंजिनाखालचं चेंबर वाचवतात.

पुराचं पाणी हा आपल्याकडचा सर्वांत मोठा धोका. ठाण्यात वंदना परिसरात पाणी कसं भरतं ते सगळ्यांना माहीत आहे. मागच्या पावसाळ्यानंतर एका दलालाने मला २०१४ ची चकचकीत २२२ दाखवली, पॉलिश केलेली, सुगंधी. मी मागचा सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढला. पट्ट्याच्या शेवटच्या वीतभर भागावर मातीची आडवी रेघ होती, एरवी आत गुंडाळलेला तेवढाच भाग धुवायचा राहिला होता. डिकीतली चटई उचलली तर खालचे स्क्रू तांबूस झालेले. एस-क्लासमध्ये कंट्रोल युनिटं ठिकठिकाणी, काही अगदी खालीही असतात, आणि ओल लागलेली एस-क्लास कधीच पूर्ण बरी होत नाही. दलाल म्हणत राहिला, एसीचं पाणी असेल. आम्ही निघून आलो.

स्वस्त दिसणाऱ्या डिझेल गाड्यांचं पासिंगही बघा. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेलवर बंधनं आली तेव्हापासून तिकडच्या गाड्या इकडे येतात. गाडी चांगली असू शकते. पण एनओसी, इथला रस्ता कर आणि एमएच ०४ किंवा एमएच ४३ ची नवी नोंदणी धरली की स्वस्ताई बरीच आटते. एवढ्या जुन्या गाडीला झिरो डेप (पार्ट्सची घट न कापणारा) विमाही सहसा मिळत नाही, म्हणजे बंपर लागला तर प्लास्टिकची घट तुमच्या खिशातून.

काकांचं अखेर असं ठरलं: २०१९ ची एस ३५० डी, पहिला मालक, मुंबईचीच. किमतीच्या वर वेगळी रक्कम त्यांनी मुदत ठेवीत टाकलीय, फक्त दुरुस्तीसाठी, आणि तिला हात लावायचा नाही असं मावशीने बजावलंय. खारघरला एक गाडी आहे, चंदेरी, सर्व्हिसची सगळी बिलं फाइलमध्ये लावलेली. मालकाने ती शनिवारी रात्री लावून रविवारी सकाळपर्यंत सुरू करणार नाही असं कबूल केलंय. आम्ही साडेसहाला पोचणार आहोत. मावशीही येतेय, तिला मागच्या सीटवर पाय पसरून बघायचेत.