चेंबरमध्ये बॅफल टाकून नऊ महिने: जुन्या सिटी व्हीटेकचा अनुभव

गाडी होंडा सिटी १.५ व्हीटेक, २००२ ची. इंजिन मात्र दुसरं. बॅफल म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या पातेल्यात, म्हणजे चेंबरमध्ये, तेल एका बाजूला पळू नये म्हणून घातलेल्या भिंती. पहिलं कसं गेलं ते आधी सांगतो, कारण पुढचा सगळा खर्च त्यातूनच निघाला.

ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किट या रेस ट्रॅकवर, ५.१२५ किलोमीटरच्या त्या फेरीत, १० आणि ११ नंबरचं मिळून एक लांबलचक वळण आहे. ट्रॅक डेला, म्हणजे आपली गाडी ट्रॅकवर पळवायच्या दिवशी, तिसऱ्या सेशनला तिथे तेलाचा लाल दिवा क्षणभर लुकलुकला. मला वाटलं, जुनी गाडी आहे, वायर हलली असेल. दोन फेऱ्यांनी खालून टकटक सुरू झाली. गाडी इंदूरला टेम्पोवर चढून आली. आमच्या रामबागेतल्या दादांनी चेंबर खोलला तर तेलात सोनेरी चमचम आणि एका कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग पार सोललेलं. "दिवा दिसला तेव्हाच चावी का नाही फिरवलीस रे?" एवढंच म्हणाले. पण त्या दिव्यालाही तेव्हा फार उशीर झालेला असतो. तो तेलाचा दाब साधारण ५ पीएसआयच्या (दाबाचं माप) आसपास उतरला की लागतो, आणि सहा हजार आरपीएमवर इंजिनाला त्याच्या दहापट दाब हवा असतो.

कारण अगदी घरगुती आहे. आमटीचं पातेलं मांडीवर घेऊन गाडीत बसा आणि चालवणाऱ्याला जोरात वळायला सांगा. वळणात १ जी, म्हणजे वजनाइतकाच, बाजूचा जोर आला की तेलाची पातळी ४५ अंशांत तिरपी होते. साध्या टायरवर थोडी कमी, पण चिकट टायर घातले की जवळपास तितकीच. माझ्या चेंबरमध्ये तेल जेमतेम सव्वातीन लिटर, त्यातलं बरंचसं धावत्या इंजिनात वर फिरत असतं. उरलेलं एका भिंतीला जाऊन चिकटलं की पिकअपची, म्हणजे पंपाच्या तेल ओढणाऱ्या नळीची, जाळी उघडी पडते आणि पंप तेलाऐवजी हवा ओढतो. चौकातल्या वळणात हे घडत नाही, कारण वळण दोन सेकंदांत संपतं.

दुसरं इंजिन बसवताना आधी फक्त प्रेशर गेज लावला, सेन्सरसकट सहा हजारांत. हा क्रम मुद्दाम सांगतोय. गेज नसता तर पुढचं काहीच कळलं नसतं. पुढच्या ट्रॅक डेला त्याच वळणात काटा ६० वरून १८ वर आला आणि मी पाय काढला. दुपारी मग सगळे सांगतात तो उपाय केला: अर्धा लिटर तेल जास्त. काटा ३५ ला थांबला, पण ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर सोडणारी नळी) तेल इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत घेणाऱ्या वाटेत, जाऊन मागे निळा धूर. शिवाय पातळी फार वाढली तर क्रँक तेल घुसळतो, फेस होतो, आणि फेसाने बेअरिंग वाचत नाही. तेव्हापासून मी पाव लिटरच्या वर जात नाही.

आता बॅफल. सियागंजातून जुना पत्र्याचा चेंबर आणला आणि सांवेर रोडवरच्या एका वेल्डिंगवाल्याकडून पिकअपभोवती चार भिंतींची पेटी करून घेतली. प्रत्येक भिंतीत बिजागरीचं छोटं दार, फक्त आत उघडणारं. तेल आत येतं, पण बाहेर पळायला लागलं की दार आपोआप मिटतं. मजुरी आणि चेंबर मिळून साडेचार हजार. दादांनी क्रँकखाली मुलीची खेळायची माती लावून इंजिन हाताने फिरवलं, कुठे काही घासतंय का पाहायला. ती माती अजून परत मिळालेली नाही, असं घरी दर आठवड्याला ऐकतो.

पहिल्याच फिटिंगमध्ये घोळ झाला. जोडाला सिलिकॉन जरा सढळ हाताने लावलं गेलं. आतल्या बाजूला आलेला त्याचा तुकडा सुटून जाळीवर बसला. रस्त्यावरच, बायपासला, काटा हळूहळू खाली. चेंबर परत खोलला. बारीक थर लावा, हे सगळ्यांना माहीत असतं, मलाही होतं. वेल्डिंगचे उडालेले दाणेही आतून खरवडून, रॉकेलने दोनदा धुऊन मगच बसवा.

त्यानंतर बुद्धला दोनदा जाऊन आलो. त्याच वळणात, तेल गरम असताना, काटा ६० वरून ४८ च्या खाली गेला नाही. जोरात ब्रेक मारून लगेच वळताना मात्र एकदा ४० दिसला, म्हणजे सगळं काही थांबलेलं नाही. मध्ये पिथमपूरच्या नॅट्रॅक्सलाही, म्हणजे गाड्यांच्या चाचणीच्या ट्रॅकवर, ग्रुपबरोबर गेलो. तिथे काटा हललाच नाही, आणि इथले बरेच जण त्यावरच निश्चिंत असतात. पण ११.३ किलोमीटरच्या त्या ट्रॅकची वळणं तिरपी बांधलेली आहेत. गाडीसकट तेलही तळाशी दाबलं जातं. ती परीक्षा नव्हेच.

बडोद्याच्या आतेभावाने पोलोला अ‍ॅक्युम्युलेटर लावला. एका नळकांड्यात पिस्टनच्या एका बाजूला हवा, दुसऱ्या बाजूला दाबाखालचं तेल. इंजिनातला दाब पडला की हवा तेल आत ढकलते. कस्टम धरून साठ हजारांच्या पुढे गेला. काम झकास करतो, चालू करण्याआधी इंजिनला तेल पाजतो ते वेगळंच सुख. पण इंजिन बंद करण्याआधी हाताने व्हॉल्व्ह मिटावा लागतो. तो विसरला की सगळं तेल चेंबरमध्ये उतरतं, मग सकाळी डिपस्टिक भलतंच दाखवते. साहेब दोनदा विसरलेत. स्लिक टायर (खाचा नसलेले, रेसचे) घालणार असाल तर अ‍ॅक्युम्युलेटरच घ्या. वर्षाला तीन-चार ट्रॅक डे आणि साधे टायर असतील तर मी ते पैसे ब्रेक पॅडवर घालेन.

तक्रारी दोन. पेटीमुळे तेल बदलताना निथळायला वेळ लागतो, गाडी गरम करून अर्धा तास तरी सोडावी लागते. आणि एका वेल्डपाशी बारीक पाझर आहे. आठवड्याला पुठ्ठ्यावर रुपयाएवढा डाग पडतो. पावसाळ्यात चेंबर उतरवीन तेव्हा तो जोड पुन्हा मारून घेणार आहे, आणि दारांच्या बिजागऱ्या किती ढिल्या झाल्यात तेही तेव्हाच दिसेल.