घोटलेली कोटा फरशी: दगड स्वस्त, सांधा महाग

सांगली-मिरजेकडे नवीन घर बांधताना दिवाणखान्याला चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्स घालायच्या हे जणू ठरूनच गेलंय. कोटा घालतात तो जिन्याला, पार्किंगला, फार तर मागच्या पडवीला. या दगडावर हा अन्यायच आहे. नीट निवडलेला, जेमतेम 1 मिलिमीटरच्या सांध्यात बसवलेला आणि घोटाईच्या 400 नंबरच्या (नंबर जितका मोठा तितका बारीक) घासदगडापर्यंत घोटून तिथेच थांबवलेला हिरवट-निळा कोटा असला, की खोलीत फारसं काही मांडावं लागत नाही. संध्याकाळचं तिरपं ऊन त्यावर पडलं की तो लखलखत नाही, पाणी पुसून घेतलेल्या पाटासारखा मंद दिसतो. त्याची श्रीमंती त्यातच आहे.

हा बारीक कणांचा चुनखडक राजस्थानातून, कोटा जिल्ह्यातल्या रामगंज मंडीच्या पट्ट्यातून येतो. वखारीत कोरडा पाहून घेऊ नका. कोरडे सगळेच नग राखाडी दिसतात, खरा रंग पाणी मारल्यावर कळतो. पूर्ण घराचा माल एकाच लॉटमधून उचला, वर तुटफुटीसाठी 10 टक्के जास्त घ्या. 22 बाय 22 इंची, 25 मिलिमीटर जाडीचा नग साधारण 20 किलो भरतो. प्रत्येक नग बोटाने वाजवून घ्या. खणखणीत वाजला तर चांगला, बद्द आवाज आला तर आत थर सुटलेला आहे आणि घोटताना त्याची खपली निघणारच. मग दोन्ही कर्ण मोजा. फरक 1 मिलिमीटरपेक्षा जास्त असेल तर कडा मशीनवर पुन्हा कापून घ्याव्या लागतील. बहुतेक ठिकाणी हीच पायरी गाळली जाते आणि तिरक्या कडा झाकायला 3-4 मिलिमीटरचे सांधे ठेवले जातात. फरशी ‘सरकारी ऑफिससारखी’ दिसते ती यामुळे, दगडामुळे नव्हे.

आपल्याकडचं मोठं दुखणं खालच्या काळ्या मातीचं. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि वरची फरशी दोन वर्षांत सांध्यात उकलते. तळमजल्यावर काळी माती काढून मुरूम भरा. 6-6 इंचांचे थर, प्रत्येक थरावर पाणी आणि धुमस. त्यावर 9 इंच दगडी सोलिंग, म्हणजे रचलेल्या दगडांचा थर, आणि 4 इंच काँक्रीट. फरशीखालचा माल 1:5 (एक भाग सिमेंट, पाच भाग वाळू), जाडी 30 ते 40 मिलिमीटर, आणि नग ठेवण्याआधी सिमेंटची रबडी चौरस मीटरला सुमारे साडेचार किलो. रबडीत कंजुषी झाली की नग खालून पोकळ राहतो आणि जड कपाट सरकवताना कोपऱ्यात तडकतो. सांध्यात पांढरं सिमेंट नको, वर्षभरात ते काळं पडतं. राखाडी सिमेंटमध्ये दगडाच्या रंगाची पूड मिसळून आधी एका तुकड्यावर वाळवून बघा.

घोटाईला किमान 7 दिवस पाणी मारून झाल्यावरच हात घाला. क्रम 60, 120, 220, 400 असा. पहिल्या फेरीनंतर भोकं आणि सांधे पुन्हा भरायचे, दोन-तीन दिवस जाऊ द्यायचे, मगच पुढचा नंबर. मिस्त्री 120 ची फेरी गाळून पुढे जातो तेव्हा गोल चरे राहतात आणि ते पॉलिश झाल्यावर उजेडातच दिसतात. तपासायला रुपयाचं नाणं सांध्यावरून आडवं फिरवा, कुठेही अडकता कामा नये. कोपऱ्यात मोठं मशीन पोचत नाही, तिथे हातमशीन लावायला सांगा. 3000 पर्यंतचं मिरर पॉलिश आम्ही सुचवणार नाही. त्यात छताचा प्रत्येक दिवा आणि पायाचा प्रत्येक ओरखडा दिसतो. दगडाला जेवढे पैसे लागले तेवढेच घोटाईसाठी बाजूला ठेवा.

घोटल्यावर सुतार-रंगारी यायचे असतील तर प्लास्टिक अंथरून वर पीओपीचा थर द्या. सागवानाचा ओला भुसा फरशीवर रात्रभर राहिला तर तपकिरी डाग आत मुरतो, तो पुसून जात नाही.

स्वयंपाकघरात जमीन चालेल, ओटा नको. लिंबू, चिंच, कोकम, व्हिनेगर, कशाचाही थेंब चुनखडकाचं पॉलिश खातो. काळा कडप्पासुद्धा चुनखडकच, त्यामुळे ओट्याला ग्रॅनाइट घ्या. हळदीच्या या गावात हळदीचा डाग पडणारच. सीलर, म्हणजे दगडात डाग मुरू न देणारा द्रव, लावलेला असेल तर ओल्या फडक्याने निघतो, उरलेला उन्हाच्या जागी हळूहळू फिका होतो. न्हाणीघरात घोटलेला कोटा ओला झाला की पाय घसरतो, तिथे खरबरीत फिनिशचाच वापरा. संडास साफ करायचं ॲसिड तर कुठल्याच कोट्यावर पडू देऊ नका.

2019 सारखं कृष्णेचं पाणी घरात शिरलं तर एमडीएफ आणि साधा प्लाय फुगून फेकावा लागतो, कोटा मात्र गाळ धुऊन काढला की जागेवर असतो. पण घाईने मेण किंवा सीलर चढवू नका. खालची ओल वर येताना क्षार आणते आणि पांढरी बुरशीसारखी पूड उमटते. ती कोरड्या ब्रशने झाडत राहायची. पूड येणं पूर्ण थांबलं की मगच सीलर.

रोज साधं पाणी किंवा थेंबभर सौम्य साबण पुरे. सीलर संपला की नाही हे बघायला फरशीवर पाण्याचा थेंब ठेवा. दहा मिनिटांत खाली गडद वर्तुळ उमटलं तर नवा हात द्यायची वेळ झाली.