हँड ग्रिपर, रबरबँड आणि ओला टॉवेल: बॅटिंगला खरंच फरक पडतो का?

आधी निकाल सांगून टाकतो, बाकीचं ज्याला वेळ आहे त्यानं वाचावं. ग्रिपर, म्हणजे मुठीत दाबायचा स्प्रिंगचा चिमटा, दाबून षटकार लांब जात नाहीत. पण बॅट हातात फिरायची बऱ्यापैकी थांबते आणि डाव लांबला तरी वरचा हात (दांड्यावर वरच्या बाजूला असतो तो, उजव्या बॅट्समनचा डावा) दमत नाही. रविवारच्या बॅट्समनला एवढं पुष्कळ झालं.

मी नाशकात अंबडला कारखान्यात शिफ्ट करतो, सुटीच्या दिवशी लेदर बॉलवर खेळतो. उजव्या हाताचा, चार-पाच नंबरला. दुखणं जुनंच: बॉल बॅटच्या मधोमध न लागता जरा बाहेर लागला की पातं हातात वळायचं आणि कव्हरला आयता झेल. पावसाळ्यात इथे मैदानाचा चिखल होतो, नेटही बंद. तो काळ हातांवर घालवायचा ठरवला. जुलैत सुरुवात केली, दिवाळीनंतर सीझन लागला, आता उन्हाळा तोंडावर आलाय. त्यामुळे लिहायला हरकत नाही.

पहिला खर्च डायलवाल्या ग्रिपरचा. ऑनलाइन मागवला, 10 ते 40 किलोचा. खिशात मावतो, कंपनीच्या बसमध्ये दाबत बसता येतं, शेजारचा माणूस कुरकुर ऐकून वैतागतो एवढंच. डायलवरच्या आकड्यांवर मात्र जाऊ नका. मित्राच्या ग्रिपरचा 20 आणि माझा 20 यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आणि एक गोष्ट विकणारा सांगत नाही: ग्रिपरमध्ये मूठ मिटते-उघडते, बॅटिंगमध्ये मूठ मिटलेलीच असते. दांडा काही दबत नाही. म्हणून धडाधड शंभर वेळा दाबण्यापेक्षा दाबून दहा सेकंद धरून ठेवणं मला जास्त लागू पडलं. त्यातही करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आधी सोडून देतात, हे धरल्यावर लगेच कळतं. वरच्या हाताची खरी पकड नेमकी त्याच बोटांची.

रबरबँडला मी पैकीच्या पैकी मार्क देईन, आणि तो फुकट आहे. पाचही बोटं एकत्र आणायची, नखांच्या जरा खाली जाडसर रबरबँड चढवायचा आणि पंजा उघडायचा. बस्स. बोटं मिटवणारे आणि उघडणारे मोठे स्नायू पंजात नसतात, कोपर ते मनगट या भागात असतात. तिथून नुसते दोरखंड बोटांपर्यंत येतात. मूठ आवळताना मनगट स्थिर ठेवायला उघडणाऱ्या बाजूलाही राबावं लागतं, आणि टेनिस एल्बोचं दुखणं तिथेच, कोपराच्या बाहेरच्या हाडापाशी येतं. 2004 मध्ये सचिन ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या पहिल्या दोन कसोटींना मुकला तो याच कोपरामुळे, हे आपल्या पिढीला सांगायला नको. तेव्हा नुसता ग्रिपर दाबत सुटू नका, जेवढं मिटवाल तेवढं उघडा. कोपर आधीच दुखत असेल तर फिजिओथेरपिस्टला दाखवा, इथे वाचून काही करू नका.

ओला टॉवेल पिळणं हा सगळ्यात जुना उपाय. एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे, शेवटचा थेंब निघेपर्यंत. मनगट आणि बोटं एकत्र कामाला लागतात, जे ग्रिपरमध्ये होत नाही. मी बाथरूममध्ये एकच टॉवेल पुन्हा पुन्हा भिजवून पिळतोय हे आईनं पाहिलं आणि म्हणाली, "अरे, एवढी हौस आहे तर त्या बादलीतले कपडे पीळ की." तेव्हापासून घरातली चादरी पिळायची ड्यूटी माझ्याकडे आहे. डबल बेडची भिजलेली चादर ज्यानं एकट्यानं पिळली आहे त्याला जिमचं कौतुक सांगू नये.

पाइपच्या तुकड्याला दोरी, दोरीला पाण्याची बाटली, आणि हात पुढे ताणून ती गुंडाळत वर घ्यायची, हेही केलं. वर घेण्यापेक्षा सावकाश खाली सोडताना हात जास्त पेटतो. वीस लिटरचा जार हातात लटकवून जिने चढणं लिफ्ट बंद असली की आपोआप होतं. तांदळाच्या बादलीत हात घालून मळण्याचा प्रकार मात्र सोडला. इगतपुरीकडून आणलेल्या इंद्रायणीत कोणी असला धंदा करू देत नाही.

आता मुद्द्याचं. सीझनच्या सुरुवातीला माझा ड्राइव्ह हवेत जायला लागला. सरळ जाणारा बॉल मिडविकेटकडे वळायचा, तोही उडून. मुळात उजवा हात जोरकस, त्याला महिनोन् महिने खुराक मिळाला, मग तो कशाला ऐकतोय! नेटमध्ये एक जुने खेळाडू येतात, सगळे त्यांना काका म्हणतात. त्यांनी दोन बॉल बघितले आणि म्हणाले, "खालच्या हाताला गप्प बसव आधी. अंगठा आणि दोन बोटं पुरे, बाकीची नुसती टेकव." मग व्यायाम बदलला. उजव्या हाताचा ग्रिपर पूर्ण बंद, डाव्याचा चालू. आणि रोज थोडा वेळ लहान मुलांची बॅट डाव्या हातात एकट्यानं धरून, समोरून कोणी खालून टाकलेल्या बॉलवर ड्राइव्ह. सुरुवातीला बॅट लोंबते, पातं वाकडं येतं, लाज वाटते. पण यातूनच मला सगळ्यात जास्त मिळालं. ऑस्ट्रेलियाचा दिग्गज बॅट्समन ब्रॅडमन लहानपणी स्टंपने गोल्फचा बॉल भिंतीवर मारत बसायचा, त्यात ताकदीचा संबंध कितीसा होता?

पुरावा विचाराल तर धावांचा आकडा देणार नाही, कारण याच काळात मी बॅटच्या दांड्यावर रबराची दुसरी ग्रिपही चढवून घेतली. श्रेय कोणाला किती द्यायचं ते मला ठरवता येत नाही. पण ग्लोव्हज खोटं बोलत नाहीत. दरवर्षी माझ्या उजव्या ग्लोव्हचा तळवा आधी फाटायचा, अंगठ्याच्या मुळापाशी. यंदा तो शाबूत आहे आणि डाव्याचा झिजलाय, करंगळीखाली, रुपयाएवढ्या जागेत चामडं काळं गुळगुळीत झालंय. हाताला घट्टाही तिथेच पडलाय.

थंडीत याचा वेगळा उपयोग झाला. डिसेंबरात सकाळी सात वाजता गोल्फ क्लब मैदानावर बॉल बॅटच्या टोकाला लागला की झिणझिण्या खांद्यापर्यंत जातात. आता पॅड बांधायच्या आधी मुठी उघडमीट करून, मनगटं फिरवून हात गरम करतो. झिणझिण्या येतातच, पण पुढच्या बॉलला हात आखडत नाही.

मॅचच्या आदल्या रात्री हे काहीही करू नका. फोरआर्म भरलेले असले की मूठ जड होते आणि बॅट उशिरा खाली येते. यॉर्करला पाय हलत नसतील, लेगस्पिन हातातून वाचता येत नसेल तर ग्रिपर बिचारा काय करणार. आणि बारा-तेरा वर्षांच्या पोरांना ग्रिपर घेऊन देणाऱ्या पालकांनो, त्यांची बोटं त्याच्या मुठीला धड पोचतही नाहीत. त्यांना वजनाला हलकी बॅट घेऊन द्या, वरचा हात आपोआप तयार होईल.

माझ्या ग्रिपरचा डायल गेल्या महिन्यात 30 वर अडकला, मागेही जात नाही, पुढेही नाही. दुसरा घेणार नाही. ते दोन-तीनशे रुपये चांगल्या इनर ग्लोव्हजवर घालतोय, आणि चादरी आहेतच.