नोकरी डॉट कॉम : फ्रेशर सॉफ्टवेअर इंजिनिअरच्या कामाचं किती?

‘नोकरीवर नोकरी शोधतोय’ हे वाक्य पुण्यातल्या हिंजवडी-वाकडच्या कुठल्याही पीजीत ऐकू येतं. १९९७ पासून चालू असलेल्या या साइटवर शेवटच्या सेमिस्टरचा निकाल लागायच्या आधीच बहुतेकांचं खातं उघडलेलं असतं. दिवसाला पन्नास ठिकाणी ‘अप्लाय’ दाबायचं आणि महिनाभर फोनची वाट पाहायची, अशी तिथली सर्वसाधारण रीत. साइट इतकीही वाईट नाही, ती चुकीच्या टोकाने वापरली जाते.

तिचं खरं गिऱ्हाईक म्हणजे कंपन्यांचे रिक्रूटर. पैसे भरून ते ‘रेझ्डेक्स’ या बायोडेटांच्या साठ्यात शोध घेतात : ‘स्प्रिंग बूट’ हे कौशल्य, पुणे, अनुभव शून्य, गेल्या काही दिवसांत सक्रिय. या चाळणीत जो टिकतो त्याला फोन येतो. त्यामुळे अर्ज किती केले यापेक्षा प्रोफाइलमध्ये कोणते शब्द आहेत याला इथे जास्त किंमत आहे.

रेझ्युमे हेडलाइनला, म्हणजे प्रोफाइलमधल्या थोडक्यात ओळखीला, २५० अक्षरांची मर्यादा आहे. ‘मेहनती, शिकण्यास उत्सुक’ यात ती घालवू नका, असले शब्द कोणी शोधत नाही. पदवी, पास होण्याचं वर्ष, मुख्य भाषा, फ्रेमवर्क, डेटाबेस आणि एका प्रोजेक्टचं नाव एवढं त्यात बसतं. की-स्किल्समध्ये नुसतं ‘जावा’ न लिहिता कोअर जावा, स्प्रिंग बूट, हायबरनेट, मायएसक्यूएल, रेस्ट एपीआय, गिट अशा स्वतंत्र नोंदी करा. मात्र मुलाखतीत ज्यावर दहा मिनिटं बोलता येईल तेवढंच टाका. लातूर-सांगलीकडच्या मुलांचं हमखास चुकतं ते ठिकाणाच्या रकान्यात. सध्याचं ठिकाण गावचं आणि पसंतीचं ठिकाण कोरं ठेवलं, तर ‘पुणे’ टाकून शोधणाऱ्याला प्रोफाइल दिसेलच असं नाही. इंटर्नशिप पूर्णवेळ नोकरी म्हणून भरणं ही दुसरी चूक. मग एकूण अनुभव सहा महिने दिसतो आणि शून्य अनुभवाच्या चाळणीतून तुम्ही बाहेर पडू शकता.

फाइल पीडीएफ किंवा वर्ड, २ एमबीच्या आत. कॅन्व्हा या डिझाइन साइटवरचे दोन रकान्यांचे, स्किल्सपुढे पाच तारे रंगवलेले रेझ्युमे दिसायला छान, पण सॉफ्टवेअर ते वाचताना दोन्ही रकान्यांतल्या ओळी एकमेकींत मिसळू शकतात. तपासायला सोपं आहे : पीडीएफमधला सगळा मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. तिथे खिचडी झाली असेल, तर कंपनीच्या यंत्रणेतही तीच होण्याची शक्यता धरा.

शोधाची बाजू मात्र कमकुवत आहे. अनुभव शून्य निवडला तरी ‘०-५ वर्षे’वाल्या जाहिराती समोर येतात, आणि त्यातल्या बऱ्याच ठिकाणी प्रत्यक्षात दोन-तीन वर्षं अनुभवाचा माणूस हवा असतो. वर्णन वाचल्याशिवाय अर्ज म्हणजे वेळ वाया. तारखेनुसार क्रम लावा, जाहिरात गेल्या एक किंवा तीन दिवसांतलीच निवडा आणि ‘कंपनी जॉब्स’चा फिल्टर लावा. कन्सल्टंटच्या जाहिराती काढल्या की यादी बरीच आटते, कारण एकच जागा तीन-चार एजन्सींनी टाकलेली असते. अर्जदारांचा आकडा शंभराच्या वर गेलेला दिसला, तर तिथे अर्ज करण्यापेक्षा कंपनीच्या करिअर पानावर जाऊन करणं बरं.

आणि फ्रेशरभरतीचा मोठा भाग इथे घडतच नाही. टीसीएससाठी ‘नेक्स्टस्टेप’ या तिच्या भरतीच्या पोर्टलवर नोंदणी लागते. तिथे ‘आयटी’ हा वर्ग निवडायचा, सीटी किंवा डीटीने सुरू होणारा क्रमांक जपून ठेवायचा आणि मग एनक्यूटी ही भरतीची परीक्षा. तिच्यातल्या कामगिरीवर निन्जा, डिजिटल की प्राइम यांपैकी कोणत्या स्तरावर घेणार हे ठरतं. दहावीपासून सगळीकडे ६० टक्के ही अट अनेक सर्व्हिस कंपन्यांत असते. सीजीपीएचे टक्के करताना आपल्या विद्यापीठाचंच सूत्र वापरा, अंदाजाने गुणू नका. नोकरी डॉट कॉम खरोखर कामाला येतं ते खराडी-बाणेरकडच्या पन्नास ते तीनशे माणसांच्या कंपन्यांसाठी. कॉलेजात कॅम्पसला न येणाऱ्या या कंपन्या वॉक-इनच्या (थेट मुलाखतीला येण्याच्या) जाहिराती इथे टाकतात.

प्रोफाइल उघडं ठेवलं की नको ते फोनही येतात. विमाविक्री, ‘ट्रेनिंग प्लस प्लेसमेंट’, लॅपटॉपचं डिपॉझिट. ऑफर लेटरसाठी पैसे मागितले की फोन ठेवा. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा. दोन वर्षांचा बनावट अनुभव ‘बनवून’ देणारेही भेटतात. पार्श्वभूमी तपासणीत पीएफची नोंद पाहिली की ते उघडं पडतं, आणि तेव्हा मिळालेली नोकरीही जाते.

पैसे भरून घ्यायच्या सेवांत रेझ्युमे लिहून देणं आणि अर्ज वर दिसणं हे प्रकार आहेत. फ्रेशरने त्यावर खर्च करू नये. वर दिसलेल्या रेझ्युमेत प्रोजेक्टच्या नावाखाली यूट्यूबवरून उतरवलेली ‘लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टिम’ असेल, तर ती फक्त जरा लवकर नाकारली जाईल. त्या पैशांत छोटं सर्व्हर भाड्याने घेऊन प्रोजेक्ट चालू स्थितीत ठेवा आणि त्याची लिंक प्रोफाइलवर द्या.

रुजू झाल्यावर सेटिंग्जमध्ये जाऊन प्रोफाइल दिसणं बंद करायला विसरू नका. नव्या कंपनीचा एचआरही त्याच साठ्यात रोज नावं चाळत असतो.